जमशेदपूर: कंपनीचे गाव आणि दोन नद्या

झारखंडमधल्या जमशेदपूरची गोष्ट आपल्या चांद्यापासून, म्हणजे आजच्या चंद्रपूरपासून सुरू होते. १८८२ मध्ये फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचे लोहखनिज अव्वल दर्जाचे आहे, असे त्यात म्हटले होते. वरोऱ्याची कोळशाची खाणही जवळच होती. पण तो कोळसा पोलादाच्या कामाचा नव्हता, त्यात सरकारचे खाणनियमही जाचक. बेत बारगळला. नाहीतर ज्या शहराला आज ट्रेनमधले प्रवासी नुसते ‘टाटा’ म्हणतात, ते कदाचित विदर्भात असते.

पुढे १९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातल्या गोरुमहिसानीच्या लोखंडाबद्दल कळवले. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजी वारले. धुरा मुलाकडे, दोराबजींकडे आली. खनिज मिळाले, झरियाचा कोळसाही आवाक्यात होता. अडले ते पाण्यावर. भट्ट्या थंड ठेवायला अखंड पाणी लागते. आधी सिनी या ठिकाणाचा विचार झाला होता, पण शेवटी पसंती मिळाली ती खरकाई आणि सुवर्णरेखा या नद्यांच्या संगमाजवळच्या साकची गावाला. बंगाल-नागपूर रेल्वेचे कालीमाटी स्टेशन तिथून जवळच होते.

टाटांच्या पोलाद कंपनीच्या भांडवलासाठी लंडनने हात आखडता घेतला. मुंबईत १९०७ मध्ये शेअर विक्रीला काढले तेव्हा मात्र स्वदेशीचा जोर असा होता, की तीन आठवड्यांत सुमारे ८,००० जणांनी मिळून साधारण २ कोटी ३२ लाख रुपये उभे केले. २ डिसेंबर १९११ रोजी पहिले कच्चे लोखंड बाहेर पडले आणि पुढच्या फेब्रुवारीत पोलाद. साकचीचे जमशेदपूर झाले ते १९१९ मध्ये, व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्या हस्ते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) रेल्वेला कंपनीने रूळ पुरवले होते, त्याची ही पावती.

गाव वसवणे ही कंपनीची गरजच होती. आजूबाजूला संथाळ, हो, भूमिज या आदिवासी जमातींच्या वाड्या आणि साल वृक्षांचे रान. रस्ते रुंद ठेवा, दुतर्फा सावलीची झाडे लावा, असे जमशेटजींनी मुलाला आधीच लिहून ठेवले होते. १९१२ मध्येच आठ तासांची पाळी आली. देशात तिला सरसकट कायद्याचा आधार मिळायला १९४८ उजाडले. क्वार्टर, दवाखाना, शाळा, नळ, वीज, सगळे कंपनीचे. याचा अर्थ सगळे गुण्यागोविंदाने चालले होते असा मात्र नाही. १९२० मध्ये संप झाला, १९२२ मध्ये झाला, १९२८ चा तर महिनोन्‌महिने चालला आणि त्यात सुभाषचंद्र बोस कामगारांच्या बाजूने उतरले. १९२४ च्या मंदीत पगाराला पैसे नव्हते, तेव्हा दोराबजींनी पत्नीच्या दागिन्यांसह आपली मालमत्ता बँकेकडे तारण ठेवली. हा किस्सा तिथे अजून सांगतात. संपांच्या आठवणी तेवढ्या हौसेने निघत नाहीत.

खरी गुंतागुंत आहे ती मालकीची. जमीन कंपनीने भूसंपादन कायद्याखाली मिळवली होती. पुढे ती सरकारची झाली आणि कंपनीकडे लीजवर राहिली. १९९६ पासून ३० वर्षांचे लीज २००५ मध्ये नव्याने मिळाले, त्याची मुदत २०२५ च्या अखेरपर्यंत होती. कचरा, पाणी, दिवाबत्ती कंपनीच्याच उपकंपनीकडे. त्यामुळे कदमा, सोनारी अशा भागांत तोटी उघडली की पाणी येते. मात्र वॉर्डातल्या गटाराबद्दल जाब विचारायला लोकांनी निवडून दिलेला नगरसेवक नाही. लीजमधून वगळलेल्या ८६ बस्त्यांमध्ये मालकीहक्काचा प्रश्न दर निवडणुकीत निघतो आणि मतदान उरकले की मागे पडतो. पलीकडच्या काठावरचे मानगो तर वेगळ्याच कारभाराखाली. पावसाळ्यात खरकाई फुगली की सखल वस्त्यांत पाणी शिरते, आणि नदीच्या वाट्याला कारखाना, शहर दोन्हींचे सांडपाणी येते.

नगरपालिका हवी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कंपनीच्या सेवा नीट चालतात, मग पालिकेचा गोंधळ कशाला, असे म्हणणारे रहिवासीही काही कमी नाहीत, आणि आपल्याकडच्या महापालिका पाहिल्या तर त्यांना सरळ चूक म्हणवत नाही. पण चांगली सेवा मिळणे आणि ती मागण्याचा हक्क असणे यांत फरक आहे. २०२३ च्या अखेरीस झारखंड सरकारने निवडून आलेल्या पालिकेऐवजी औद्योगिक नगरीचा मार्ग धरला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीतच तशी पळवाट आहे: जिथे उद्योग नागरी सेवा पुरवतो, तिथे राज्यपालांना पालिका न स्थापण्याची मुभा.