वाड्याच्या हंगामातला कॅल्शियमचा हिशेब

दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, दिवाळी सरता सरता मोळी पडते, म्हणजे गाळप सुरू होतं. कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडू लागला की गोठ्यातल्या गव्हाणीत वाडं, म्हणजे उसाचे तोडलेले हिरवे शेंडे, पडू लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ या पट्ट्यात पुढचे चार-पाच महिने बहुतेक म्हशींची मुख्य वैरण तीच. घरच्या उसाचं असेल तर फुकट, तोडणीच्या टोळीकडून घेतलं तर पेंढीच्या भावानं. हिरवंगार असतं, जनावर आवडीनं खातं, पोट तटतटून भरतं. दुधालाही लगेच फरक जाणवत नाही.

आणि याच महिन्यांत ठरावीक तक्रारी वाढतात. म्हैस व्याली आणि बसली ती उठेना. वार अडकली. गाभणीचं अंग बाहेर आलं. लघवी कॉफीसारखी काळपट लाल झाली. व्यायल्यावर महिने गेले तरी माजाची लक्षणं नाहीत. या सगळ्याचा दोष एकट्या वाड्याला देता येणार नाही, पण यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी खनिजांचं बिघडलेलं गणित असतं, आणि ते गणित वाडं नक्की बिघडवतं.

त्यात वेळही वाईट जुळून येते. दिवस लहान होऊ लागले की म्हैस माजावर येते, आणि तिचा गाभण काळ साधारण ३१० दिवसांचा. जानेवारीच्या मध्यावर भरवलेली म्हैस विते ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे शेवटचे दिवस भरत आलेल्या आणि ताज्या व्यायलेल्या म्हशी दावणीला असतात, नेमक्या तेव्हाच वाड्याचे ढीग गोठ्याशी येऊन पडतात.

अळू, मुतखडा आणि वाडं

अळूचं फदफदं करताना चिंच विसरली की घसा खवखवतो. ती खवखव असते कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांची. माणसाच्या मूत्रपिंडात होणारे बहुतेक खडेही याच पदार्थाचे. ऑक्झॅलिक आम्ल आणि कॅल्शियम भेटले की असं मीठ तयार होतं, जे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

वाड्यात, कोवळ्या नेपियर गवतात आणि भाताच्या पिंजारातही हे ऑक्झॅलेट असतं. त्यातला विद्राव्य भाग, म्हणजे पोटॅशियम आणि सोडियमबरोबर असलेला, त्रास देतो. पोटात तो मोकळा होतो आणि समोर दिसेल ते कॅल्शियम बांधून घेतो. बांधलेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जात नाही, शेणावाटे बाहेर पडतं.

हिशेब मांडून बघू. ९० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल ४० ग्रॅम कॅल्शियम बांधतं. म्हशीनं दिवसाला २० किलो हिरवं वाडं खाल्लं, त्यात कोरडा भाग ३० टक्के धरला, तर तो झाला ६ किलो. त्यात विद्राव्य ऑक्झॅलेट एक टक्का जरी धरलं तरी ६० ग्रॅम, आणि ते बांधू शकतं जवळपास २७ ग्रॅम कॅल्शियम. आता दुसरी बाजू: म्हशीच्या एका लिटर दुधातून साधारण १.८ ग्रॅम कॅल्शियम जातं. आठ लिटर देणाऱ्या म्हशीच्या कासेतून रोज १४ ग्रॅमच्या वर. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी फार तर निम्मंच अंगी लागतं, म्हणजे एवढ्या दुधासाठी वैरणीतून तिला जवळपास दुप्पट मिळायला हवं.

वाड्यानं खरोखर सगळे २७ ग्रॅम पळवले असते तर कोल्हापुरात एक म्हैस उभी राहिली नसती. तिला वाचवतात तिच्या मोठ्या पोटातले सूक्ष्मजीव. त्यांच्यातले काही ऑक्झॅलेटवरच जगतात, ते फोडून टाकतात. पण त्यांची संख्या वाढायला दहा-पंधरा दिवस लागतात. काल कडबा आणि आज एकदम पोटभर वाडं हा बदल म्हणूनच घातक. पहिल्या दिवशी पाच किलोपासून सुरुवात करावी, दर दोन-तीन दिवसांनी दोन-तीन किलो वाढवावं, आणि मोठ्या म्हशीला पंधरा ते वीस किलोवर थांबावं. मध्येच चार दिवस वाडं मिळालं नाही तर पुन्हा खालूनच चढावं.

हे नुकसान डेअरीच्या काट्यावर दिसत नाही. फॅट लागतो, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागतं. दुधातलं कॅल्शियम शरीर कमी होऊ देत नाही, वैरणीतून आलं नाही तर हाडांतून काढून देतं. एक वेत असं निघून जातं. हिशेब चुकता होतो पुढच्या वेताला.

निवळीबद्दल स्पष्ट बोलायला हवं

वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडा, हा सल्ला गावोगाव दिला जातो. सल्ल्यामागचा विचार बरोबर आहे, पण प्रमाण तपासून पाहावं. कळीचा चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. बादलीत अर्धा किलो टाका की पाच किलो, वरच्या स्वच्छ पाण्यात तेवढाच येतो, बाकीचा तळाशी बसतो. म्हणजे एक लिटर निवळीत कॅल्शियम एक ग्रॅमसुद्धा नाही. दोन लिटर शिंपडली तरी वरच्या हिशेबात ती कुठेच पुरत नाही. तळाचा गाळ ढवळून ओतावा, तर तो इतका दाहक असतो की जनावराचं तोंड भाजतं आणि ते वैरण टाकून देतं.

त्यापेक्षा सोपा आणि भरवशाचा उपाय म्हणजे पशुखाद्याच्या दर्जाची चुनखडीची भुकटी. तिच्यात कॅल्शियम ३६ ते ३८ टक्के असतं, म्हणजे ५० ग्रॅम भुकटीतून १८ ग्रॅमच्या आसपास मिळतं. ती वाड्याच्याच वेळेच्या आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंड-कोंड्यात, मिसळावी. सकाळी वाडं आणि रात्री भुकटी असं केलं तर फायदा निम्मा जातो. भुकटीचं पहिलं काम पोटातच ऑक्झॅलेटला गाठून बांधण्याचं आहे. ते तिथेच बांधलं गेलं की रक्तातल्या कॅल्शियमकडे जात नाही, मूत्रपिंडापर्यंतही पोचत नाही.

नुसत्या कॅल्शियमनं मात्र भागत नाही, कारण वाड्यात फॉस्फरसही कमीच. म्हणून रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावं. पिशवीमागचा तक्ता वाचून घ्यावा: कॅल्शियम २० टक्क्यांच्या आणि फॉस्फरस १२ टक्क्यांच्या आसपास असावं. गव्हाचा कोंडा आणि सरकी पेंड हे फॉस्फरसचे चांगले घरगुती स्रोत. स्वस्त पडतं म्हणून खताच्या पोत्यातलं फॉस्फेट कधीही घालू नये, त्यातल्या फ्लोरिननं दात आणि हाडं कायमची खराब होतात.

शक्य असेल तिथे पाच किलो लसूणघास वाड्यात मिसळून द्यावा. तेवढ्या घासात कोरडा भाग किलोभर आणि कॅल्शियम १५ ग्रॅमच्या पुढे. शिवाय वाड्यात प्रथिनं जेमतेम पाच-सहा टक्के असतात, ती उणीवही भरून निघते. घास दवानं ओला असताना एकटा घालू नये, पोट फुगतं. वाडं कुट्टी करूनच द्यावं. उसाच्या पानाची धार तोडणाऱ्याचे हात कापते, म्हशीच्या जिभेला ती वेगळी लागत नाही. आणि पेंढ्यांचा ढीग आत हात घालून बघावा: गरम लागला, उग्र वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली तर तो भाग उकिरड्यावर टाकावा, गाभणीला तर मुळीच दाखवू नये.

व्यायच्या आधीचे तीन आठवडे

इथे एक गोष्ट उलटी आहे, आणि भल्या हेतूनं सगळ्यात जास्त चूक इथेच होते. म्हैस व्यायला आली, आता तिला कॅल्शियमची बाटली सुरू करू, असं घरोघरी होतं. तसं करू नये.

म्हशीच्या किंवा गाईच्या रक्तात फिरणारं कॅल्शियम असतं जेमतेम तीन ग्रॅम. व्यायल्यावर दहा लिटर चीक निघाला तर त्यातून वीस ग्रॅमच्या वर जातं. ही खिंड लढवते गळ्यातली परावटू ग्रंथी. तिचं संप्रेरक हाडांतून कॅल्शियम सोडवतं आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावून आतड्याची शोषणशक्ती वाढवतं. या यंत्रणेला वेग यायला एक-दोन दिवस लागतात. शेवटच्या तीन आठवड्यांत बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं तर ग्रंथी सुस्तावते. व्यायल्यादिवशी एकाएकी मागणी येते, तेव्हा ती झोपेतच सापडते.

म्हणून या तीन आठवड्यांत बाटली बंद, चुनखडीची भुकटी बंद, लसूणघासही बंद. खनिज मिश्रण नेहमीचंच ठेवावं, त्यातलं मॅग्नेशियम या यंत्रणेला लागतं. वाडं कमी करून ज्वारीच्या कडब्यावर भर द्यावा. हिरव्या वैरणीतलं जास्तीचं पोटॅशियम रक्त अल्कधर्मी करतं, आणि तशा रक्तात हाडं संप्रेरकाचं ऐकत नाहीत. हाडांची झीज भरून काढायची वेळ त्याआधीची, म्हैस आटवल्यानंतरचा पहिला महिना. तेव्हा भुकटी, घास, खनिज मिश्रण सगळं चालतं. मग व्यायल्या दिवसापासून पुन्हा सगळं सुरू करावं, आणि तिसऱ्या-चौथ्या वेताच्या दुधाळ म्हशीला कॅल्शियमची जेल पशुवैद्यकाला विचारून त्याच दिवशी द्यावी. पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये. रेडकाला पुरेल एवढा चीक काढावा, खरवसाचा मोह आवरावा.

एवढं करूनही दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरून होणारा आजार, होऊ शकतो. नावात ज्वर असला तरी ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. व्यायल्यापासून दोन-तीन दिवस दर धारेला कानाच्या मुळाला हात लावून बघावा. सुरुवातीला म्हैस अडखळते, मांड्या थरथरतात, दात खाते. मग बसते, मान वळवून डोकं कुशीला टेकवते. नाकपुडी कोरडी पडते. निरोगी म्हशीच्या नाकपुडीवर घामाचे मोत्यासारखे थेंब असतात. ते गेले, कान गार लागला आणि थर्मामीटर १०० फॅरनहाइटच्या खाली गेला की वाट बघू नये.

पशुवैद्यक येईपर्यंत तिला पोटावर बसती ठेवावी, दोन्ही बाजूंना पाल्याची पोती लावावीत. आडवी पडू दिली तर पोट फुगून छातीवर दाब येतो. तोंडानं काहीही पाजू नये, ना गूळपाणी ना कॅल्शियम. गिळण्याची शक्ती गेलेली असते आणि पाजलेलं फुफ्फुसात जातं. खाली पाचटाचा जाड थर घालावा आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. नुसत्या फरशीवर काही तास एका कुशीवर बसलेल्या म्हशीचे मागच्या पायाचे स्नायू तिच्याच वजनानं चिरडतात, मग कॅल्शियम भरून आलं तरी ती उठत नाही. शिरेतून द्यायचं इंजेक्शन हे ओळखीच्या माणसाकडून उरकायचं काम नाही. कॅल्शियम भरभर गेलं तर हृदय तिथेच थांबतं, पशुवैद्यक ते सावकाश, ठोके ऐकत देतात. ढेकर, शेण आणि नाकपुडीवर परतलेले थेंब ही उतार पडल्याची खूण. तरीही पुढचे दोन दिवस लक्ष ठेवावं, काही जनावरं पुन्हा बसतात.

लाल लघवी बाटलीत धरा

फॉस्फरस फार घसरला की तांबड्या रक्तपेशींना आपलं आवरण सांभाळायला लागणारी ऊर्जा पुरत नाही. त्या रक्तातच फुटतात, आणि आतलं हिमोग्लोबिन लघवीतून बाहेर येतं. म्हशीत हे गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा व्यायल्यावर महिन्याभराच्या आत दिसतं. पांढऱ्या काचेच्या बाटलीत लघवी धरून तासभर न हलवता ठेवावी. लाली तळाशी बसली आणि वर पिवळं राहिलं तर ते मूत्रमार्गातलं रक्त. वरपासून खालपर्यंत एकसारखा काळपट लाल रंग राहिला तर पेशी फुटल्या आहेत. सोबत ताप आणि अंगावर गोचीड असेल तर रक्तातल्या परजीवीचा संशय घ्यावा, ताप नसेल तर फॉस्फरसचा. उपचार दोन्हींचे अगदी वेगळे, म्हणून बाटली आणि तापमान दोन्ही पशुवैद्यकाला दाखवावं. डोळ्याची आतली कड पांढरी फटक दिसू लागली तर तासांचा प्रश्न असतो.

वाडं जास्त आलं तर मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेली वैरण, करून ठेवता येतो. एक दिवस सुकवून इंचभर कुट्टी करावी, हवा राहणार नाही इतकी तुडवून पिशवीत किंवा खड्ड्यात बंद करावी आणि ४५ दिवस उघडू नये. वाड्यातल्या साखरेमुळे ते चांगलं आंबतं. या कामाच्या माहितीसाठी जिल्ह्यात कणेरी आणि तळसंदे इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत. वैरण, खाद्य अशा रोजच्या खर्चासाठी किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालकालाही मिळतं, त्याची चौकशी बँकेत किंवा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी.

दवाखाना लांब असेल किंवा रात्रीची वेळ असेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक लावून बघावा. वैरणीविषयीचा साधा प्रश्न असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१. फोन लावण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, कितवं वेत आणि व्याल्याला किती तास झाले, थर्मामीटरचा आकडा, आणि शेवटची लघवी कधी व कुठल्या रंगाची. गावाचं नाव सांगताना तालुकाही सांगावा, कारण जिल्ह्यात एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत असतात आणि गाडी भलतीकडे गेली तर परत फिरून येईपर्यंत म्हैस आडवी झालेली असते.