भागाकारावर अडलेला कर्नल

रावेरकडच्या एका केळीच्या वजनकाट्यावर अजून पेंटियम थ्री, म्हणजे जुन्या ३२-बिट प्रोसेसरचा संगणक, चालतो. काट्याची वायर त्याच्या मागच्या सिरियल पोर्टात बसते, आणि हंगामात तो बंद पडलेला कुणालाच परवडत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यासाठी लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मूळ कोडातून बांधायला घेतला आणि लॅपटॉप घेऊन भुसावळला घरी आला. "सर, ६४-बिटला सगळं नीट बांधलं जातं. ३२-बिट केलं की शेवटी आपटतं."

त्याने स्क्रीनवरची शेवटची ओळ दाखवली. ती फक्त काम थांबलं एवढंच सांगते. बांधणीची कामं चालवणारा प्रोग्रॅम 'मेक' एकाच वेळी आठ-आठ कामं चालवत असतो, त्यामुळे खरी चूक कुठेतरी वर गाडली जाते. एकावेळी एकच काम लावून पुन्हा चालवलं, तेव्हा ती सापडली: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू __यूडिवडीआय३', म्हणजे या नावाचं फंक्शन कुठे सापडत नाही. शेजारी एका ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण हाताळणाऱ्या कोडच्या, फाईलचं नाव.

जुन्या प्रोसेसरसाठी कर्नल बांधणाऱ्यांना हे नाव तोंडपाठ असतं. त्या ड्रायव्हरमध्ये एकूण नॅनोसेकंदांना फेऱ्यांच्या संख्येने भागून सरासरी काढली होती. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात, म्हणजे नॅनोसेकंदांत जेमतेम ४.३ सेकंद. म्हणून वेळ ६४ बिटांत ठेवावीच लागते. पण पेंटियम थ्रीला ६४ बिटांची संख्या एका फटक्यात हवी तशी भागता येत नाही. शाळेत आपण मोठा भागाकार करायचो तसंच करावं लागतं: आधी वरचा अर्धा भागायचा, उरलेली बाकी घेऊन खालचा अर्धा खाली उतरवायचा, पुन्हा भागायचं. साध्या प्रोग्रॅममध्ये कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर हे काम स्वतःच्या जोडग्रंथालयातल्या फंक्शनवर ढकलतो. तेच हे __यूडिवडीआय३. कर्नल मात्र ते ग्रंथालय जोडतच नाही. हा भागाकार महागडा आहे, तो नकळत होऊ नये, ज्याला हवा त्याने स्पष्ट मागावा, असा तिथला दंडक आहे. मला तो मनापासून पटतो.

फाईल कळली, पण हे बिघडलं केव्हा? कर्नलच्या दोन आवृत्त्यांमध्ये १० हजारांहून जास्त बदल असतात. बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट'ची आज्ञा 'गिट बायसेक्ट' दरवेळी उरलेल्यांतला मधला बदल देते. बांधून पाहायचं, निम्मे सोडून द्यायचे. चौदा वेळांत एकच बदल हाती उरतो. ६४-बिटवरच तपासलेला असल्याने तो कुणाला खटकला नव्हता. लिनक्स १९९१ साली इंटेलच्या ज्या ३८६ प्रोसेसरवर जन्मला, त्याचा आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढला गेला. पेंटियम थ्रीला अजून आधार आहे, पण त्यासाठी बांधून पाहणारे हात कमी झालेत.

दुरुस्ती एका ओळीची होती: भागाकाराच्या चिन्हाऐवजी कर्नलचं स्वतःचं फंक्शन 'डिव्ह_यू६४'. जुन्या प्रोसेसरवर ते वरचा-खालचा अर्धा असं भागतं. ६४-बिटवर त्याच ओळीचा साधा भागाकार होतो.