रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण

नाटक, एकांकिका, तमाशा, मेळा इत्यादींचा जाहीर प्रयोग होण्यापूर्वी त्याची संहिता शासननियुक्त मंडळाकडून वाचून घेऊन प्रमाणपत्र मिळवण्याची महाराष्ट्रातील पद्धत. हे काम मुंबईतील महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आहे. ‘परिनिरीक्षण’ हा शब्द शासकीय परिभाषेतला. नाटकवाले सरसकट ‘सेन्सॉर’ म्हणतात, आणि ‘संहिता सेन्सॉर झाली का?’ हा प्रश्न तालमीत नेहमी कानी पडतो. चित्रपटांचे प्रमाणन १९५२ च्या केंद्रीय कायद्याने होते. त्याचे मंडळही मुंबईतच असल्यामुळे दोहोंची गल्लत होते. वस्तुतः दोन्हींची मुळे वेगळी आहेत.

या पद्धतीचा उगम सामान्यतः १८७६ च्या नाट्यप्रयोग अधिनियमात शोधला जातो. तो कायदा कशामुळे आला याबद्दल मात्र एकमत नाही. प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यात कलकत्त्याचे वकील जगदानंद मुखर्जी यांनी युवराजाला आपल्या घरच्या जनानखान्यात नेले. त्यावर फेब्रुवारी १८७६ मध्ये ग्रेट नॅशनल थिएटरने प्रहसन केले आणि २९ फेब्रुवारीला व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला. त्याच वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. दुसरे मत असे, की सरकारला खरी बोचणी होती ती मळेवाल्यांवरील नाटकांची. निळीच्या मळेवाल्यांवरचे ‘नीलदर्पण’ १८७२ पासून रंगमंचावर होते, आणि विधेयक मांडताना व्हाइसरॉयच्या मंडळातील कायदा सदस्य आर्थर हॉबहाऊस यांनी चहाच्या मळ्यांवरील ‘चाकर दर्पण’चा दाखला दिला होता. तिसरा पक्ष मराठी वाचकाला जवळचा आहे. १८७५ मध्ये बडोद्याचे मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले. त्या प्रकरणावर बंगालीत आणि मराठीतही नाटके निघाली. नारायण बापूजी कानिटकर यांचे मल्हाररावांवरील नाटक याच काळातले. तीही सरकारच्या डोळ्यांत खुपत होती, असे हा पक्ष म्हणतो. तारखा पाहता निमित्त कलकत्त्याचेच दिसते. गायकवाड प्रकरणाने वातावरण तापले होते, एवढे म्हणता येईल. त्यालाच कारण मानणे जरा ओढून ताणून होते.

कायद्याची कलमे उगमाइतकीच लक्षणीय आहेत. बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारा किंवा प्रेक्षकांची नीती बिघडवणारा प्रयोग सरकारला मना करता येई. आज्ञा मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. विशिष्ट प्रदेशात परवान्याची सक्ती करण्याची आणि प्रयोगाच्या किमान तीन दिवस आधी नाटकाची प्रत मागण्याची तरतूद होती. प्रत ‘जेवढी लिहिलेली असेल तेवढी’ द्यायची. मूकाभिनय असल्यास आशयाचा गोषवारा. शेवटच्या कलमाने धार्मिक उत्सवांतील जत्रा व तत्सम खेळ वगळले होते. ही सूट पुढे टिकली नाही.

मुंबई इलाख्यातील गाजलेले प्रकरण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चे. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात इंग्रज औषधालाही नाही. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे समीकरण प्रेक्षक घरूनच मांडून येत. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. पाठोपाठ १९१० मध्ये ‘कीचकवधा’वर बंदी आली. महाभारतातल्या कथेत राजद्रोह कोणत्या ओळीत आहे हे दाखवणे सरकारी भाषांतरकारालाही जड गेले असते. कागद वाचणारा आणि प्रयोग पाहणारा यांच्यातले हे अंतर पुढील प्रत्येक वादात दिसते.

हे अंतर सर्वांत जास्त दिसते ते तमाशात. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या सुमारास, बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती आली आणि लेखी संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत रुळली. अडचण अशी, की तमाशाच्या सुरुवातीचे गण आणि गौळण हे भाग बांधलेले असले तरी बतावणी (विनोदी प्रवेश) आणि वग (कथानाट्य) यांतले बरेचसे संवाद फडावर, समोरच्या प्रेक्षकाला पाहून सुचतात. एका गावी पाटलाला लागलेली कोटी दुसऱ्या गावी सावकाराला लागते. सोंगाड्याच्या तोंडी आयत्या वेळी काय येईल हे फडमालकालाच ठाऊक नसते, तर ते तपासायला पाठवायचे कसे? फडांनी यावर सोपा तोडगा काढला : दाखवायची वही वेगळी, खेळ वेगळा. ‘लोकनाट्य’ हे नाव याच बंदीतून वाट काढण्यासाठी रूढ झाले असे अनेकदा सांगितले जाते. अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाच्या संदर्भात ते पटण्याजोगे आहे, पण या नावामागे मध्यमवर्गाला तमाशा जवळचा वाटावा ही इच्छाही होतीच.

आजच्या पद्धतीचा कायदेशीर आधार १८७६ चा अधिनियम नसून १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) हा आहे. त्याच्या कलम ३३ खाली १९६० मध्ये करमणुकीच्या जागा व प्रयोग यांच्या परवान्याचे नियम झाले. त्यांच्या शीर्षकातच मेळे आणि तमाशे यांचा नावानिशी उल्लेख आहे. ब्रिटिशांनी उत्सवी खेळांना दिलेली मोकळीक अशी स्वराज्यात संपली.

मंडळाचा कठोरपणा काळानुसार आणि सदस्यांनुसार बदलत गेला. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ (प्रयोग १९७०, दिग्दर्शक श्रीराम लागू) या नाटकात भावांच्या लाथांनी माणिकचा गर्भपात होतो आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. मंडळाने त्या लाल डागाला हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि प्रयोगापूर्वी तो लाल समजावा अशी सूचना प्रेक्षकांना देण्यात आली, असे नाट्यवर्तुळात सांगतात. निळ्या डागाने लाल डागापेक्षा अधिक लक्ष वेधले असणार, हे सांगायला नको.

‘सखाराम बाइंडर’चे (१९७२) प्रकरण न्यायालयात गेले. तेरा प्रयोगांनंतर नाटक अडवले गेले. मंडळाने अनेक काटछाटी सुचवल्या होत्या. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. पूर्वपरीक्षणाच्या बाबतीत मराठी रंगभूमीचा हा सर्वांत महत्त्वाचा विजय मानला जातो. मात्र निकालानंतरही नाटकाला निदर्शनांना तोंड द्यावे लागले. त्याच वर्षीचे ‘घाशीराम कोतवाल’ तर एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेनेच थांबवले. प्रमाणपत्र म्हणजे संरक्षण नव्हे, हे दोन्हींवरून दिसते. १९९८ मध्ये नथुराम गोडसेवरील प्रदीप दळवी यांच्या नाटकाचे प्रयोग राज्य सरकारने बंद पाडले; २००१ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयाने वाट मोकळी झाली.

आणीबाणीतील (१९७५–७७) परिनिरीक्षण मुख्यतः वृत्तपत्रांचे होते. त्या संदर्भात मिनू मसानी यांच्या मासिकाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सेन्सॉरच्या अधिकाराला मर्यादा घातल्या.

नाट्यपरिनिरीक्षणाच्या घटनात्मकतेचा प्रश्न संविधानाच्या अनुच्छेद १९ (१)(क) (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि १९ (२) (त्यावरील वाजवी निर्बंध) यांच्याभोवती फिरतो. चित्रपटांचे पूर्वपरीक्षण सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात वैध ठरवले. चित्रपटाचा परिणाम इतर कलांहून तीव्र असतो हे त्यामागचे एक कारण होते. तोच न्याय नाटकाला लावता येईल का, हा खरा मुद्दा आहे. १९५६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८७६ च्या अधिनियमातील तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या होत्या. २०१६ मध्ये अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी संहितेच्या पूर्वपरीक्षणाच्या नियमांनाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

१८७६ चा अधिनियम २०१८ च्या आरंभी संसदेच्या निरसन कायद्याने रद्द झाला. ब्रिटिशकालीन नाट्यसेन्सॉरशिप संपली असा त्याचा अर्थ लावला जातो, तो महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. येथील प्रमाणपत्र पोलीस अधिनियमातून येते आणि तो त्या निरसनात नव्हता. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संघाला संहितेसोबत मंडळाचे प्रमाणपत्र जोडावे लागतेच.