मोटारीच्या आसनांत उष्णता व थंडावा देणारी यंत्रणा स्वतः बसवणे

मोटारीच्या मूळ आसनांत तापणारे पॅड किंवा हवा खेळवणारे पंखे मालकाने नंतर स्वतः बसवण्याचे हे काम आहे. दोन्ही सोयींचा उल्लेख सहसा एकत्र होत असला, तरी उष्णता देणारा पॅड आहे त्या आसनात सामावतो, तर थंडाव्यासाठी आसनाची अंतर्रचनाच बदलावी लागते. कारखान्यांतही सोपी सोय आधी आणि अवघड नंतर आली : कॅडिलॅक या अमेरिकी कंपनीने १९६६ साली तापणारी आसने ऐच्छिक सोय म्हणून दिली, तर साब या स्वीडिश कंपनीच्या ९-५ या मोटारीत हवा खेळती ठेवणारी आसने आली ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस.

पॅडमध्ये रोधक तार (वीज वाहिली की तापणारी) किंवा कार्बन तंतूंचे कापड असते. कार्बनचे काही पॅड उत्पादकाने आखलेल्या खुणांवर कापून लहान करता येतात. तारेचा पॅड मात्र कापता येत नाही. आसन सोडवून, कव्हरला ताणून धरणाऱ्या धातूच्या कड्या काढून, पॅड कव्हर आणि फोम यांच्यामध्ये चिकटवतात. ज्या खोल खाचांत कव्हर ओढून बसवलेले असते, तेथे पॅड दुमडला गेल्यास तेवढीच जागा अधिक तापते, म्हणून कामातला बराच वेळ या खाचांपाशी जातो आणि तो द्यावाच. १२ व्होल्टवर ६० वॅटचा पॅड ५ अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे त्याला स्वतंत्र फ्यूज, पुरेशा जाडीची तार आणि इग्निशन बंद होताच पुरवठा तोडणारा रिले (विजेने चालणारा स्विच) हवा. तापमान मर्यादित ठेवणारा थर्मोस्टॅट वगळणे धोक्याचे आहे, कारण ४४ अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णताही तासन्‌तास त्वचेला लागून राहिली तर भाजू शकते; मधुमेहामुळे किंवा मज्जारज्जूच्या इजेमुळे संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला ते जाणवतही नाही.

‘थंड’ म्हणवणारी बहुतेक आसने हवा थंड करत नाहीत. पाठीमागची दमट हवा हलवून घाम लवकर वाळवणे एवढेच त्यांचे काम असते. त्यासाठी सच्छिद्र कव्हर, त्याखाली वजनाने न दबणारा जाळीदार थर, फोममध्ये कोरलेल्या वाटा आणि पंखा ही सगळी साखळी लागते. छिद्रे नसलेल्या रेक्झिनखाली पंखा बसवणे म्हणजे निव्वळ आवाज विकत घेणे. पंखा हवा वर ढकलतो किंवा खाली ओढतो. ढकलणाऱ्या पंख्याला आसनाखालची हवा मिळते आणि उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीत ती सुरुवातीला तापलेलीच असते. खरोखर थंड हवेसाठी काही उत्पादक पेल्तिए परिणामावर चालणारे घटक वापरतात. वीज वाहिली की अशा घटकाची एक बाजू गार होताना दुसरी तापते, तेव्हा ती उष्णता बाहेर नेणारी वेगळी वाट करावी लागते. घरच्या कामात ती नीट जमणे अवघड आहे.

अनेक मोटारींत आसनाच्या कडेला एअरबॅग आणि प्रवाशाच्या आसनात वजन ओळखणारा संवेदक असतो. आसनाखालचे विजेचे जोड सोडवण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे लागते. एअरबॅग ज्या शिवणीतून फुटून बाहेर येते, तिच्यावर पॅड, गोंद किंवा जादा कव्हर येता कामा नये. संवेदकावर नवा थर चढल्यास त्याचे वाचन बदलू शकते आणि कार्यशाळेत तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. ही सोय हाताशी नसेल, तर प्रवाशाचे आसन न उघडणेच बरे.