ताणावरच्या पदार्थांची यादी आली कुठून?

ताण हलका करणाऱ्या पदार्थांच्या यादीत संत्री, ढोबळी मिरची, केळी आणि आंबवलेले पदार्थ हटकून असतात. ही नावं वेगवेगळ्या काळातल्या प्रयोगांतून एकेक करून त्यात आली आणि सगळ्यांमागचा पुरावा सारखा भक्कम नाही.

सुरुवात 1936 ची. ताणाचा अभ्यास करणारे हान्स सेली यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छोटंसं टिपण छापलं: उंदरांना गारठ्यात ठेवा, दमवा किंवा विषारी औषध टोचा, परिणाम तोच. मूत्रपिंडांवरच्या, ताणाची संप्रेरकं सोडणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. त्याआधी, 1928 मध्ये, शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी अधिवृक्क ग्रंथींतूनच एक आम्ल वेगळं काढलं होतं. ते क जीवनसत्त्व निघालं. ग्रंथींतून ते जेमतेम मिळायचं. पुढे हंगेरीतल्या सेगेदच्या लाल मिरचीने ती टंचाई संपवली.

ग्रंथींत या जीवनसत्त्वाचा मोठा साठा असतो, म्हणून ताणात ते जास्त खावं, असा तर्क पुढे रुजला. पण साठा असणं वेगळं आणि जादा खाल्ल्याने ताण उतरणं वेगळं. प्रौढांची रोजची गरज साधारण 75 ते 90 मिलिग्रॅम. 100 ग्रॅम कच्च्या लाल ढोबळी मिरचीत ती सहज भागते. मिरची उकळून पाणी ओतून दिलंत, तर बराचसा भाग पाण्याबरोबर जातो.

केळ्याचा युक्तिवाद त्याहून लंगडा. केळ्यात सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन असतं खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतः बनवतो. फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी 1971 मध्ये उंदरांवर दाखवलं, की कर्बोदकं खाल्ल्यावर मेंदूतलं सेरोटोनिन वाढतं. मेंदूत शिरायला ट्रिप्टोफॅनशी स्पर्धा करणारी बाकीची अमिनो आम्लं इन्सुलिन स्नायूंकडे वळवतं आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. जेवणात थोडी प्रथिनं आली, की ही स्पर्धक आम्लं पुन्हा वाढतात आणि परिणाम जवळपास पुसला जातो. नेहमीच्या मिश्र जेवणात म्हणूनच तो दिसत नाही.

आंबवलेले पदार्थ यादीत बरेच उशिरा आले. 2004 मध्ये जपानी संशोधकांना दिसलं, की जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत ताणाची संप्रेरकं जास्त उसळतात आणि बिफिडोबॅक्टेरियम हे आतड्यातले जिवाणू दिल्यावर उसळी ओसरते. हेही उंदीरच.

माणसांवरची गाजलेली चाचणी 2017 ची, ऑस्ट्रेलियातली: 67 जण, 12 आठवडे, पूर्ण आहारबदल. आहार गटातले सुमारे 32 टक्के बरे झाले, तुलनेच्या गटातले 8 टक्के. मात्र हे नैराश्याचे रुग्ण होते, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांच्यापासून लपवणं शक्य नव्हतं.