शेकपट्टी, अंगावर बांधायची

पाळीतल्या पोटदुखीसाठी ओटीपोटावर किंवा कमरेवर बांधायचे, पुन्हापुन्हा गरम करून वापरता येणारे शेकाचे साधन. गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून आडवे व्हावे लागते. शेकपट्टी कपड्यांच्या आत राहते आणि ती बांधून उठता-बसता, चालता, कामे करता येतात. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सोयीतच पट्टीचे खरे मोल आहे. पाळीच्या कळांवर ज्या शेकाचा गुण नीट तपासला गेला आहे, तो सौम्य होता आणि तासन्‌तास सलग चाललेला होता. असा शेक हातात पिशवी धरून घेणे कोणालाही जमणार नाही.

या दुखण्याला वैद्यकात कष्टार्तव म्हणतात. पाळीच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी उतरते आणि गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आवळतो, त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळ उठते. ती कमरेत आणि मांड्यांतही उतरते. सोबत मळमळ किंवा जुलाब होतात तेही बरेचसे याच द्रव्यांमुळे. त्रास बहुधा पहिल्या एक ते तीन दिवसांत असतो. गर्भाशयात किंवा ओटीपोटात दुसरा कोणताही आजार नसताना हे सारे घडते. तपासणीत काही सापडले नाही म्हणून दुखणे मनाचे ठरत नाही, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवे.

आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याचेच प्रमाण घटवतात. शेकाचा मार्ग वेगळा आहे. कातडीवरून दिलेली ऊब एक-दोन सेंटिमीटरच्या पलीकडे फारशी पोहोचत नाही, म्हणजे गर्भाशय थेट तापत नाही. ऊब जाणवते ती कातडीतल्या मज्जातंतूंना. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच अडवले जाऊ शकतात. उबेचा संदेश असाच आड येतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. शिवाय पोटाचे आणि कमरेचे आखडलेले स्नायू सैलावतात आणि त्या भागातला रक्तपुरवठा वाढतो.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८१ स्त्रियांचे निष्कर्ष अभ्यासले गेले. पट्टीचे तापमान सुमारे ३८.९ अंश सेल्सिअस होते आणि ती दिवसाला बारा तास, असे दोन दिवस बांधायची होती. तुलनेसाठी आयब्युप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा होती. दोन्हींनी मिळालेला आराम सारखाच भरला. गोळी आणि पट्टी एकत्र घेणाऱ्यांना सरासरी दीड तासात ठळक आराम वाटला, नुसत्या गोळीला त्यासाठी पावणेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागला. संख्या लहान होती आणि आपल्याला शेक मिळतो आहे की नाही हे कोणापासूनही पुरते लपवता येत नाही, या मर्यादा धरूनही निष्कर्ष मोलाचा आहे. त्यातला ३९ अंशांजवळचा आकडा लक्षात ठेवावा. तो शरीराच्या तापमानाहून जेमतेम दोन अंश वर आहे.

त्या चाचणीतल्या पट्ट्या एकदाच वापरण्याच्या होत्या. पुन्हा वापरता येणाऱ्या पट्ट्यांमध्ये रसायनाची पट्टी सर्वांत विलक्षण. तिच्या पारदर्शक पिशवीत सोडियम अ‍ॅसिटेटचे दाट द्रावण आणि धातूची लहान चकती असते. या क्षाराचे पाणी धरून असलेले स्फटिक ५८ अंशांना वितळतात, पण एकदा पूर्ण वितळले की खोलीच्या तापमानाला आले तरी द्रवच राहतात. चकती टचकन वाकवली की तिथून स्फटिक धरू लागतात, काही क्षणांत पिशवी पांढरी आणि घट्ट होते आणि वितळताना साठवलेली उष्णता बाहेर पडते. वीज नसलेल्या ठिकाणी, प्रवासात, याहून हाताशी काही नाही. पिशवी पुन्हा तयार करायला ती उकळत्या पाण्यात ठेवावी लागते, तीही शेवटचा कण विरघळेपर्यंत. एखादा स्फटिक उरला तर थंड होताना सगळे द्रावण आपोआप गोठते. हिची उणीव तापमानात आहे. ती पन्नास अंशांच्या वर जाते आणि मग हळूहळू उतरते, म्हणून आत जाड सुती कापड हवेच.

धान्याच्या किंवा जवसाच्या पट्ट्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात. त्या अंगाला छान बसतात, मात्र दाणे वारंवार तापून कोरडे पडतात आणि जास्त वेळ ठेवल्यास करपून पेटूही शकतात. जेलच्या पट्ट्या लवकर निवतात. पॉवर बँकेवर किंवा स्वतःच्या बॅटरीवर चालणारे पट्टे एकच तापमान धरून ठेवतात, त्यामुळे चाचणीतल्या शेकाच्या सर्वांत जवळ तेच जातात. आपोआप बंद होण्याची सोय असलेलाच पट्टा घ्यावा.

कातडीला सोसते त्याची सीमा शेकाच्या सुखापासून फार दूर नाही. ४३ अंशांच्या आसपास कातडीतले वेदनेचे ग्राही, म्हणजे मज्जातंतूंवरची उष्णता टिपणारी प्रथिने, जागे होतात. या ग्राहीचा शोध १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि त्यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. १९४७ च्या प्रयोगांत तर ४४ अंशांना सुमारे सहा तासांत भाजल्याची इजा दिसली होती. म्हणून पट्टी घट्ट आवळू नये, तिच्यावर अंग टाकून पडू नये, ती बांधून झोपू नये आणि अधूनमधून कातडी पाहावी. महिनोन्‌महिने कडक शेक घेतल्यास पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. ते दिसताच शेक थांबवावा. मधुमेहाने किंवा शस्त्रक्रियेच्या व्रणामुळे बधिर झालेल्या जागी, जखमेवर, किंवा चोळलेल्या बामावर पट्टी बांधू नये. अंगावर औषधाचा चिकटपट्टा असेल तर उबेने ते औषध जास्त शोषले जाते.

एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणे), अ‍ॅडिनोमायोसिस (ते अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणे) किंवा गर्भाशयातल्या गाठींमुळे होणारी वेदनाही शेकाने काही काळ निवते, आणि त्यामुळे निदान लांबू शकते. दुखणे दरवर्षी वाढत असेल, बऱ्याच वर्षांनी नव्याने सुरू झाले असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, संबंधाच्या वेळी वेदना, ताप किंवा फार रक्तस्राव होत असेल, गोळी आणि शेक दोन्ही पुरत नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. जाताना कोणत्या दिवशी किती तास पट्टी बांधावी लागली आणि ती सोडल्यावर कळा किती वेळात परतल्या, याची दोन-तीन पाळ्यांची टिपणे सोबत असली तर डॉक्टरांना त्यातून बरेच कळते.