जिल्ह्याची वृत्तपत्रे आजवर कशावर जगली?

जिल्ह्याच्या ठिकाणचे एखादे जुने दैनिक छपाई थांबवते, नुसती पीडीएफ काढू लागते किंवा यूट्यूबकडे वळते, तेव्हा सगळा दोष मोबाइलच्या माथी मारला जातो. मोबाइलने घाव घातला हे खरेच. पण वाचकाच्या पैशावर ही वृत्तपत्रे मुळात किती उभी होती, हे पाहिल्याशिवाय आजची पडझड नीट कळत नाही.

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघाले आणि 1840 मध्ये थांबले. 31 जानेवारी 1920 रोजी निघालेल्या 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, तरी ते 1923 च्या पुढे गेले नाही. नुसत्या वर्गणीवर पत्र चालवणे किती अवघड, हे मराठीत पहिल्यापासून दिसत आले आहे.

मग रत्नागिरीच्या 1871 मधल्या 'सत्यशोधक'पासून पुढे गावोगाव निघालेली साप्ताहिके तगली कशी? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: छापखाना. ट्रेडल या छोट्या छपाईयंत्रावर आठवडाभर लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले निघायची आणि त्यातून सुटलेल्या वेळात, त्याच खिळ्यांनी, म्हणजे शिशाच्या अक्षरांनी, अंक जुळवला जायचा. शेवटच्या पानाच्या तळाशी 'मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक' म्हणून एकाच माणसाचे नाव असे. ती कायद्याची ओळ होती, पण त्या घराची सगळी अर्थव्यवस्थाही तीत आलेली असे. मुद्रिते तपासणारा आणि पोस्टाच्या पट्ट्या चिकटवणाराही पुष्कळदा तोच.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. साखर कारखाने, जिल्हा बँका, बाजार समित्या वाढत होत्याच. निविदा, जाहीर नोटिसा, वार्षिक सभांच्या सूचना यांना जिल्ह्याचे पत्र लागे. शासनाच्या जाहिरात यादीवर नाव येणे आणि 'क' वर्गातून जास्त दराच्या 'ब' वर्गात जाणे, ही संपादकाच्या आयुष्यातली मोठी घटना ठरू लागली. जोडीला दिवाळी अंक, वर्धापनदिन विशेषांक आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. अध्यक्षसाहेबांच्या वाढदिवसाला पानभर जाहिरात मिळाली की त्या महिन्याचा कागद सुटायचा. त्याच साहेबांच्या कारखान्यात उसाची बिले थकली, तर ती बातमी पहिल्या पानावर कशी घ्यायची? ज्यांनी घेतली त्यांनी जाहिराती गमावल्या. अशा संपादकांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यांची फारशी नोंद कुठे झाली नाही याची खंतही.

पुढचा धक्का मराठी वृत्तपत्रांनीच एकमेकांना दिला. 1971 मध्ये नागपुरात दैनिक झालेले 'लोकमत' 1982 मध्ये औरंगाबादला पोहोचले. ऑफसेट छपाई, मोठे भांडवल आणि पुढे जिल्ह्यापुरत्या रंगीत पुरवण्या आल्या, तशी वाचकाला राज्याच्या अंकातच आपल्या तालुक्याची बातमी मिळू लागली. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये काढलेले आणि नंतर अनंत भालेरावांनी घडवलेले 'मराठवाडा' याच काळात मागे पडत गेले आणि अखेर बंद झाले. निजामाच्या बंदीला नावे बदलून पुरून उरलेले हे पत्र बाजारात टिकले नाही, याची हळहळ मराठवाड्यातल्या जुन्या वाचकांना अजून वाटते. मोठ्या दैनिकांनी गावची बातमी घेतली, पण गावच्या वार्ताहराला पगार क्वचितच दिला. त्याने जाहिराती आणायच्या आणि कमिशनवर भागवायचे. म्हणजे जी गाठ आधी संपादकाच्या गळ्यात होती, ती तालुका वार्ताहराच्या गळ्यात आली.

2016 मध्ये जिओ आले आणि स्वस्त इंटरनेट वाडीवस्तीवर पोहोचले. निविदा ऑनलाइन निघू लागल्याने वृत्तपत्रातल्या नोटिसा आटल्या. 2019 च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर दहा टक्के सीमाशुल्क बसले, पुढच्या वर्षी ते पाच टक्क्यांवर आले. तेवढ्यात टाळेबंदी. एप्रिल 2020 मध्ये राज्य सरकारने घरोघरी अंक टाकण्यावरच काही काळ बंदी घातली. ज्यांनी तोवर संगणकाकडे फक्त पाने लावण्याचे यंत्र म्हणून पाहिले होते, तेही सकाळी पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवू लागले.

आजची धडपड तिथून सुरू होते. दैनिकाचे साप्ताहिक करायचे, रोजच्या बातम्या मोबाइलवर द्यायच्या, दिवाळी अंक मात्र छापायचा. बाजारभाव, धरणातला पाणीसाठा, यात्रेचे थेट प्रक्षेपण यांना प्रेक्षक मिळतो, पण एका तालुक्याच्या प्रेक्षकसंख्येवर यूट्यूबकडून पगार निघण्याइतके पैसे येत नाहीत. 1 मार्च 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने नियतकालिकांची नोंदणी ऑनलाइन आणि सोपी केली, पण तो छापील अंकांपुरता आहे. पोर्टले त्यात येत नाहीत.

आणि तो जुना आधार, वाढदिवसाची जाहिरात? साहेबांचे शुभेच्छा फलक आता चौकात फ्लेक्सवर लागतात आणि चित्रफिती त्यांच्याच कार्यकर्त्यांच्या मोबाइलवरून फिरतात. संपादकाच्या हातात यादीवरचा वर्ग आहे, जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत, आणि पोस्टाच्या पट्ट्यांवर ज्यांची नावे असत त्या वर्गणीदारांची मुले-नातवंडे आहेत. त्यांच्याकडे वर्गणी मागायला तो अजून संकोचतो.